बारा गावांचं तळं

बेंबळीच्या पेठेत शिवलिंगप्पाचं किराणा दुकान होतं, आणि दुकानामागच्या पडवीत त्याची बायको इरम्मा पापड लाटायची. दुकान तसं चारचौघांसारखंच. गूळ, मीठ, घासलेट, सुंभाचे गुंडे. पण पापडाचं नाव मात्र धाराशिवच्या कचेरीपर्यंत पोचलेलं. कचेरीतले पेशकारसाहेब इरम्माच्या पापडाशिवाय खिचडीला हात लावत नाहीत, असं शिवलिंगप्पा सांगायचा. शिवलिंगप्पा जे सांगायचा त्यातलं किती खरं धरायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता. पुढं पडला, तो एकट्या इरम्माला.

पापडाचा सगळा जीव खारात. खार कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर तांबडा होतो आणि जिभेला चरचरतो. इरम्मा खाराचा खडा नुसता जिभेच्या टोकाला लावून सांगायची, एवढ्या डाळीला एवढा. हा खार लोणारच्या तळ्याचा. लोणार वऱ्हाडात, निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यापलीकडं, इंग्रजाच्या अंमलात. दरसाल माघ महिन्यात शिवलिंगप्पा वळकटी खाकोटीला मारून निघायचा आणि पंधरा दिवसांनी खाराचं पोतं घेऊन परत यायचा. पोत्याबरोबर तळ्याच्या गोष्टी यायच्या.

पहिली गोष्ट आली ती लग्नाच्या पहिल्या वर्षी. इरम्मा तेव्हा सोळा वर्षांची, आळंदकडच्या कानडी गावातून आलेली. मराठी कळत नव्हतं, आणि कळायला लागलं तरी ती बोलायला तयार नव्हती. सहा महिने घरात कुणी तिचा आवाज ऐकला नाही. मुकी पोरगी गळ्यात मारली की काय, असं सासू शेजारणीला विचारायची. त्या माघात शिवलिंगप्पानं पोतं उतरवलं, खाराचा एक खडा बायकोच्या तळहातावर ठेवला आणि मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाला, हा केरीतून आलाय. केरी म्हणजे तळं. इरम्मानं मान वर केली.

"केवढी केरी?" तिनं विचारलं.

आता बिचाऱ्यानं करावं काय? सहा महिन्यांत बायको पहिल्यांदा बोलली होती. त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढी. ते पसरलेले हात पुढं वीस वर्षं काही त्याला आवरता आले नाहीत.

फार पूर्वी एका डोंगराच्या पोटात आग होती. आग विझली, डोंगराचं तोंड उघडं राहिलं आणि त्यात पाणी साठलं. निळं पाणी. सकाळी हलत नाही, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. भोवती तीन उंच डोंगर, त्यांच्या माथ्यावर ढग टेकलेले. काठानं बारा गावं. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर होडीनं. आणि गंमत अशी, की प्रत्येक गावचं लुगडं वेगळं. एका गावचं तांबडं, एकाचं निळं, एकाचं जांभळ्या पट्ट्यांचं. होडी लांब असतानाच काठावरची माणसं ओळखतात, आत बसलेली बाई कुठल्या गावची. तिथल्या बाया विणतातही कशा? मागाचं एक टोक झाडाला बांधायचं, दुसरं आपल्याच कमरेला, आणि अंगणात बसून विणायचं. बाई उठली की माग गुंडाळून काखेत.

हे सगळं एका वर्षात आलं नाही. एका माघात होड्या आल्या, दुसऱ्या माघात माग आला. एका वर्षी शिवलिंगप्पानं सांगितलं की तिथले बाप्येसुद्धा पाखरं भरलेले पट्ट्यापट्ट्यांचे चोळणे घालतात. ते ऐकून पापड लाटायला आलेल्या बाया हसून हसून लोळल्या. गजराबाईनं तर आपल्या नवऱ्याला तसल्या चोळण्यात डोळ्यांपुढं आणलं आणि तिचं लाटणं दोन दिवस सरळ चालेना.

इरम्मा हसायची नाही. ती त्या गावांतून हिंडायची. पोळपाटावर लाटी गोल व्हायला लागली की तिला तळं दिसायचं, आणि हात आपोआप चालत असताना ती तांबड्या लुगड्याच्या गावाहून निळ्या लुगड्याच्या गावाला जायची. कोणत्या गावच्या धक्क्याला पायऱ्या मोडक्या आहेत तेही तिला ठाऊक झालं होतं. शिवलिंगप्पानं ते कधी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःच पाहिलं होतं.

एकदाच तिनं शंका काढली. "अवो, खार जर त्या पान्यातून येतोय, तर मग ती माणसं पीत्यात काय?"

शिवलिंगप्पानं पोत्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "काठाला खारट गं. मधी गोड. म्हनून तर होडी लागती. म्या रोज सकाळी होडीत बसून मधी जातो, तिथलंच पानी घेऊन लिंगपूजा करतो. अमृत हाय नुसतं."

लिंगपूजेचं नाव काढल्यावर इरम्मा पुढं बोलली नाही. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय या घरात कुणी पाण्याचा थेंब घेत नसे, आणि त्या बाबतीत कुणी खोटं बोलेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यानं वीस वर्षांत दिलं नाही. बारांतल्या कोणत्या गावात तुम्ही उतरता, असं विचारलं की तो दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखा उठून जायचा. गजराबाईनं त्यावरून चेष्टा केली होती. "इरम्मा, बाप्या मानूस दरसाल पंधरा दिस जातुया अन् उतरतो कुठं ते सांगत न्हाय. दुसरी चूल तर न्हाय ना मांडली तिकडं?" सगळ्या हसल्या होत्या. इरम्माही हसली होती.

पुढच्या साली तुला नेतो, हेही तो दरसाल म्हणायचा. त्रेचाळीस साली तापात तीन दिवसांत गेला. तोंडात शेवटचं तीर्थ घालताना इरम्माच्या मनात आलं, हे पाणी आडाचं आहे, त्या तळ्याच्या मधलं नाही. हे तिच्या मनाला लागून राहिलं. दोन वर्षं ती झुरली, मग तिनं ठरवलं, आपण जायचं. होडीत बसायचं, मधोमध जायचं, आणि जिथं नवऱ्यानं लिंगपूजा केली तिथं आपण करायची. मुलगा सिद्रामप्पा नको नको म्हणत असताना तिनं माघ लागताच धाकट्या भावाला निरोप धाडला.

भाऊ भीमाशंकर निजामाच्या महसुलात गिरदावर होता. रुमी टोपी, शेरवानी आणि सारखी तक्रार. ढोकीहून बार्शी लाईटची छोटी गाडी, लातूरहून मोटार, मग मोठी गाडी, परतूरला उतरून बैलगाडी. सगळा रस्ताभर तो धुळीबद्दल बोलत होता आणि इरम्माला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिनं ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं होतं, तांबड्या काठाचं, नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्या बारा गावच्या बायांनी आपल्याला काठावरून पाहिलं तर कुठल्या गावची म्हणतील, याचा ती विचार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवानानं बैल थांबवले आणि म्हणाला, "उतरा बाई, आलं."

पाच पावलं चालली आणि पुढं जमीनच नव्हती. खाली भलीमोठी वाटी, आणि वाटीच्या तळाशी हिरवं पाणी. निळं नाही, हिरवंगार. चहूबाजूंनी उतरत गेलेलं रान, रानात मोर ओरडत होते, झाडीतून जुन्या देवळांची शिखरं डोकावत होती. ऊन अजून वरच्या कडेलाच होतं, खाली सगळं झोपेत असल्यासारखं गप्प. भीमाशंकरसुद्धा धुळीबद्दल बोलायचा थांबला. इरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते सुंदर होतं. आणि त्या पाण्यातूनच ती शोधायला लागली. तीन डोंगर कुठं आहेत? गावं? इथं तर वर काठावर एकच गाव, मातीच्या भिंतींचं, आपल्या बेंबळीसारखं.

खाली असतील, झाडीत, असं म्हणून ती उतरली. वाटेत गोड्या पाण्याची धार लागली, तिथं भीमाशंकर अंघोळीला थांबला. इरम्मानं तांब्या भरला नाही. ती थेट काठाला गेली. देवीच्या देवळापाशी अयोध्या नावाची एक म्हातारी काटक्या गोळा करत होती.

"आजी, होडी कुठून सुटती?" इरम्मानं विचारलं.

म्हातारीनं मोळी खाली ठेवली. "होडी? कायले वं बाई? मासा नाही ह्या पान्यात, पल्याड गाव नाही. होडी काय कराची?"

"मधलं गोड पानी आनायला."

"मधी गोड?" म्हातारी हसली, पण वाईट हसली नाही. "पोरी, सारं सारखंच हाय. गोड पायजे त वरच्या धारेचं घे."

इरम्मा काठावर बसली. तरी तिनं आस सोडली नाही. कदाचित होड्या मोडल्या असतील, कदाचित तो इथंच बसत असेल. तिनं गळ्यातली चांदीची डबी उघडली, इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली आणि उजव्या हातानं तळ्याचं पाणी त्यावर घातलं. बोटांना ते साबणासारखं बुळबुळीत लागलं. डोळे मिटून तिनं तीर्थ जिभेवर घेतलं.

वीस वर्षं खार पारखणारी जीभ ती. तिला दुसऱ्यांदा चाखावं लागलं नाही. एवढा खार पडला तर अख्ख्या डाळीचे पापड फेकून द्यावे लागले असते. या पाण्यानं कुणी लिंगायत माणूस एक दिवससुद्धा पूजा करणार नाही, आणि केलीच तर त्याला अमृत म्हणणार नाही. तिचा नवरा इथं कधी आलाच नव्हता.

ती उठली, वरच्या धारेवर गेली, गोड्या पाण्यानं लिंग पुन्हा धुतलं, पुन्हा पूजा केली, क्षमा मागितली. खार काढणारे दोघं वाटेत भेटले, त्यांनाही तिनं बेंबळीच्या शिवलिंगप्पाचं नाव विचारून पाहिलं. ते म्हणाले, खार इथून व्यापारी गाड्याच्या गाड्या उचलतात, एका पोत्यासाठी इतक्या लांब कोण येईल?

परतीच्या गाडीत तिला राग आला. असला राग तिला आयुष्यात आला नव्हता. लिंगपूजेची खोटी गोष्ट! आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, त्याला ती हात लावत नव्हती. वीस वर्षं, दरसाल पंधरा दिवस. लोणारला नाही, तर मग माझा माणूस जायचा कुठं? गजराबाईचं ते हसणं आता तिला चाकांच्या आवाजात ऐकू यायला लागलं.

"अक्का, तळं बगितलंस ना? झालं मग," भीमाशंकर म्हणाला.

"न्हाय झालं," ती म्हणाली. "लातूरला थांबायचंय."

लातूरला सिद्धेश्वराची जत्रा भरली होती. खाराचा व्यापारी वीरप्पा पेठेत बसायचा, पोत्यावर त्याचीच खूण असायची हे इरम्माला इतकी वर्षं दिसत होतं आणि कधी खुपलं नव्हतं. वीरप्पानं तिला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र तो गडबडला, पाणी मागवलं, दुसरंतिसरं बोलायला लागला.

"आमचे मालक खार तुमच्याकडून न्यायचे?" तिनं सरळच विचारलं.

"व्हय. जत्रा उठायच्या दिवशी यायचे."

"अन् त्याच्या आधी पंधरा दिस कुठं असायचे?"

वीरप्पानं भीमाशंकरकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "ताई, माणूस गेला. आता कशाला... बरं, जत्रेत जावा. देवळाच्या मागं मदारसाब बसतो, त्याला विचारा."

मागं फिरावं, बेंबळीला जावं, काही कळायलाच नको, असंही इरम्माला वाटलं. तरी ती चालत राहिली. बांगड्यांची दुकानं गेली, रेवड्यांची गेली, पाळणे गेले. आणि गर्दीच्या पलीकडून एक घोगरा आवाज आला.

"देखो देखो, आगीच्या डोंगरातली केरी देखो! बारा गावां, बारा लुगडी देखो! कमरेला माग बांधून बैठी बाई देखो!"

ती जागच्या जागी थांबली. ते शब्द तिच्या घरातले होते. तिच्या माहेरची केरी, या दखनी म्हाताऱ्याच्या तोंडात.

मदारसाबपुढं तिकाटण्यावर एक रंगीत पेटी होती, सैरबिनीची. पुढं भिंगाच्या गोल खिडक्या, बाजूला मूठ. मूठ फिरवली की आत चित्रं सरकायची. पोरं डोळे लावून उभी होती. भीमाशंकरनं पुढं होऊन सांगितलं, या बेंबळीच्या शिवलिंगप्पाच्या घरच्या. म्हातारा गाणं अर्धं टाकून उठला.

"वैनीसाब? अप्पांच्या?" त्यानं पोरांना हाकललं, आपली गोणपाटाची घडी झटकून तिला बसायला दिली. "दो साल झाले, अप्पा आले न्हाईत. म्या समजलो. कुणाला पुसायची हिंमत झाली न्हाय."

"ते इथं काय करायचे?" इरम्मानं उभ्यानंच विचारलं.

"काय करायचे? पेटी उचलायचे की! पंधरा दिन माझ्या संगं जत्रा फिरायचे. ये बोल सगळे अप्पांचेच. म्या तो नुसता 'ताजमहाल देखो' करायचो. वाण्याचं घर, सोयरे काय म्हणतील, म्हणून कुणाला सांगायचं न्हाय, अशी मला शपथ घातली होती." म्हातारा हसला आणि डोळे पुसले. "चित्रां बारा हैत पेटीत. अप्पांना एकच पायजे. पहाटे जत्रा जागी व्हायच्या आत डोळा लावून बसायचे. म्या मूठ फिरवायला गेलो की हात धरायचे. थांब मदार, म्हणायचे, घरी सांगायचंय, नीट बगू दे."

इरम्मानं भिंगाला डोळा लावला.

निळं पाणी होतं. तीन डोंगर होते, माथ्यावर ढग टेकलेले. होडी होती, होडीत तांबड्या लुगड्याची बाई होती. काठावर एक बाई जमिनीवर बसून विणत होती, मागाचं एक टोक झाडाला, दुसरं कमरेला. धक्क्याच्या पायऱ्या, देवा, धक्क्याच्या पायऱ्यासुद्धा मोडक्या होत्या. ती किती वेळ पाहत राहिली कोण जाणे. मदारसाबनं मूठ फिरवली नाही.

"हे कुठं हाय?" तिनं डोळा न काढता विचारलं.

"खुदा जाने. एका पाद्रीसाबनं खालचं वाचून सांगितलं होतं. दर्याच्या पल्याड, अमरिकेचा मुलूक, माया नावाचे लोगां ऱ्हातात म्हणे."

"मग लोणारला एकदा तरी जायचं होतं त्यांनी," ती म्हणाली. राग अजून थोडा उरला होता. "पूजेचं खोटं तरी सांगायचं नव्हतं."

"निघाले होते की एका साली. परतूर टेसनपत्तूर जाऊन तिसऱ्या दिवशी वापस. म्या पुसलं, क्या हुआ अप्पा? तर म्हणाले, मदार, तिथं गेलो आणि केरी तशी नसली, तर घरी जाऊन काय सांगू? मला खोटं बोलता येत न्हाय."

भिंगाला लावलेला इरम्माचा डोळा भरून आला आणि आतलं सगळं तळं हललं. परतूरच्या त्याच फलाटावर चार दिवसांपूर्वी ती स्वतः उतरली होती, हिरवं इरकल नेसून. तिथून तो मागं फिरला होता. तिला तो फलाट दिसला, आणि वळकटी खाकोटीला मारून उभा असलेला, पुढं जायला भ्यालेला आपला नवरा दिसला. ती रडली, अगदी मोकळ्यानं, भर जत्रेत. भीमाशंकरला काय करावं सुचेना, तो रुमी टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला.

बेंबळीला परतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पडवीत पापडांना बाया जमल्या. इरम्मानं वीरप्पाकडून आणलेला खार जिभेला लावला, पाण्याचं माप सांगितलं आणि पोळपाट ओढला. शेवटी सून लक्ष्मम्मा हळूच म्हणाली, "आत्या, होड्या होत्या का खरंच?"

सगळ्यांची लाटणी थांबली. गजराबाईची मान सगळ्यांत पुढं.

इरम्मानं लाटी घेतली, पिठात बुडवली. "होत्या की," ती म्हणाली. "धक्क्याला लागलेल्या. काठाला खारट पानी, मधी गोड. तुझे सासरे म्हनले तसंच सगळं. फकस्त त्यांनी एक चुकीचं सांगितलं."

"काय?"

"गावं बारा न्हाईत. तेरा हैत."

"अगो बया!" गजराबाई म्हणाली. "अन् तेराव्या गावचं लुगडं कसलं वो?"

इरम्माचा हात पोळपाटावर फिरत होता, लाटी गोल होत होती. तिनं आपला पदर दोन बोटांत धरून त्यांना दाखवला, हिरवा, तांबड्या काठाचा.

"असलंच," ती म्हणाली. "हे तिथंच उतरायचे."